बांधाखालचं पाणी कुणाच्या सातबाऱ्यावर?

महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून शंभर किलोमीटरच्या आत, त्याच सातारा जिल्ह्यातल्या दहिवडीला जेमतेम पाचशे. पण हे पाचशेही मोजून बघा. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 हजार लिटर. हजार हेक्टर शिवार असलेल्या गावावर वर्षाकाठी 500 कोटी लिटर पाणी पडतं.

त्यातलं बरंच वाहून आणि वाफ होऊन जातं. मुरतं किती, हे खडक ठरवतो. आपल्याकडे काळा कातळ. पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांत, आणि त्या भेगांना बांध कळत नाही. एकानं खोल बोअर मारलं की शेजाऱ्याची विहीर फाल्गुनातच तळ गाठते. म्हणून ठिबक, शेणखत, पाचटाचं आच्छादन एकट्यानं कितीही नेटानं केलं, तरी पाणी राखायचं काम गावाचंच उरतं.

त्यासाठी ग्रामपंचायतीला अधिकार आहेत. 73 व्या घटनादुरुस्तीनं जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत, म्हणजे पंचायतींकडे सोपवायच्या विषयांच्या यादीत, पहिलाच विषय शेती आहे, तिसरा लघुसिंचन आणि पाणलोट. ग्रामपंचायत दरवर्षी विकास आराखडा करते. त्यात पेव्हर ब्लॉक आणि सभामंडप आधी सुचतात, याचं मला वाईट वाटतं. पहिल्या पानावर पाण्याचा ताळेबंद हवा. पावसाळा सरला की गावातल्या विहिरींची पातळी मोजायची, माणसांचं आणि जनावरांचं पाणी बाजूला काढायचं आणि मग रब्बीला काय पेरायचं ते ग्रामसभेत बोलायचं. हेक्टरभर उसाला दोन कोटी लिटरच्या घरात पाणी लागतं. तेवढ्यात शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, पाच हेक्टर निघतो.

हे होऊ शकतं, याचा दाखला सांगलीतच आहे. खानापूर तालुक्यात येरळा नदीची वाळू बेसुमार उपसली जात होती. वाळूच्या कणांमधल्या पोकळीत पाणी धरून राहतं आणि तेच काठच्या विहिरींना पाझरतं. वाळू गेली तशा विहिरी आटल्या. 1980 च्या दशकात बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी मुक्ती संघर्ष या कष्टकऱ्यांच्या चळवळीच्या साथीनं या उपशाविरुद्ध लढा दिला. थोडी वाळू स्वतः विकून त्यातून पैसा उभा केला, श्रमदान केलं आणि बळीराजा धरण बांधलं.

मला त्या भिंतीहून त्यांचा करार मोठा वाटतो. या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही, आणि वाटप जमिनीच्या एकरांवर नाही, घरटी सारखं. ज्याच्या नावावर गुंठाभर रान नव्हतं, त्या भूमिहीन घराचाही पाण्यात वाटा धरला.