पुण्याची तार आणि टेलिफोन : आधी कॅम्प, मग पेठा

पुण्यातला जुना लँडलाईन नंबर हाती आला की जाणकार माणूस पहिल्या दोन आकड्यांवरून घर कोणत्या बाजूला आहे ते सांगतो. २४ म्हणजे पेठा आणि त्यांच्या दक्षिणेचा भाग, २५ म्हणजे डेक्कन, शिवाजीनगर, कोथरूड, २६ म्हणजे कॅम्प आणि पूर्वेकडचं पुणे, २७ म्हणजे पिंपरी-चिंचवड. हे आकडे सोयीसाठी वाटलेले नव्हते. फिरवलेल्या आकड्यांनी कॉल कोणत्या एक्स्चेंजकडे, म्हणजे फोन एकमेकांना जोडून देणाऱ्या केंद्राकडे, वळवायचा, हे त्यांच्यातूनच ठरायचं. ती एक्स्चेंजेस कुठे उभी राहिली, कशासाठी आणि कोणाच्या गरजेनं, हे पाहायचं तर टेलिफोनच्याही आधी तारेपर्यंत मागे जावं लागतं. माझ्या मते पुण्याच्या तारेचा आणि टेलिफोनचा इतिहास म्हणजे सरकारच्या गरजा आधी आणि गावाच्या गरजा नंतर, असा आहे. त्या सरकारी गरजा मात्र फार वेगवेगळ्या आणि रंजक होत्या.

कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तारेची पहिली प्रायोगिक लाईन विल्यम ओशॉनेसी यांनी टाकली. त्यानंतर १८५३ ते १८५५ च्या दरम्यान कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास ही ठिकाणं तारेनं जोडली गेली आणि १८५५ मध्ये तार सर्वांसाठी खुली झाली. मुंबईहून मद्रासला जाणारी तार घाट चढून पुण्यावरून पुढे बेळ्ळारी, बंगळूरकडे गेली. रेल्वेची गोष्ट वेगळी. खंडाळा ते पुणे गाडी १८५८ मध्ये सुरू झाली, पण बोरघाटाचं काम संपायला १८६३ उजाडलं. म्हणजे काही वर्षं अशी होती की मुंबईची बातमी पुण्यात मिनिटांत पोचायची आणि मुंबईचा माणूस मात्र घाट डोलीतून किंवा तट्टावरून चढून यायचा.

पुण्याला तार इतक्या लवकर मिळाली त्याची कारणं उघड होती. इथे लष्कराची छावणी होती. शिवाय पावसाळ्यात मुंबई इलाख्याचा गव्हर्नर आपला कारभार घेऊन पुण्याला यायचा. आधी दापोडीला आणि पुढे गणेशखिंडीच्या वाड्यात, म्हणजे आज जिथे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे तिथे. सरकार घाटावर आलं तरी सचिवालय, बंदर आणि व्यापार मुंबईतच राहायचा, त्यामुळे तार अखंड चालू असणं भाग होतं. १८९५ नंतर लष्कराच्या दक्षिण विभागाचं मुख्यालयही इथेच आलं. तारेचा सगळा भार त्यामुळे कॅम्प, स्टेशन आणि गणेशखिंड याच बाजूला पडला. पेठांतल्या माणसाचा तारेशी संबंध यायचा तो वर्तमानपत्रांतून, नाहीतर घरच्या आनंदाच्या किंवा दुःखाच्या बातमीतून.

त्या काळच्या तार ऑफिसच्या आत डोकावलं तर सामान मोजकंच दिसेल. टेबलावर मोर्सची चावी आणि साउंडर. चावी दाबली की पलीकडच्या गावातल्या साउंडरची पितळी पट्टी खाली आपटायची, सोडली की वर. या कडकट्टमधून मुरलेला तारमास्तर कानानं अक्षरं ओळखायचा आणि थेट फॉर्मवर उतरवायचा. वीज कारखान्यातून येत नसे, ती ऑफिसातच तयार व्हायची. हिंदुस्थानच्या तार खात्यात मिनोटो सेल फार चालले. बरणीच्या तळाशी तांब्याची चकती, तिच्यावर मोरचुदाचे खडे, मग वाळूचा किंवा भुशाचा थर आणि सगळ्यात वर जस्ताची चकती. अशा बरण्यांच्या रांगाच्या रांगा जोडून लाईनला लागणारा दाब मिळवायचा. उन्हाळ्यात बरण्यांतलं पाणी आटायचं आणि भर घालायची राहिली की लाईन मंदावायची. उपकरण स्वस्त आणि दणकट होतं, पण ते चालायचं रोजच्या देखभालीवर. ही गोष्ट पुढच्या सगळ्या यंत्रांनाही लागू पडते.

काउंटरवर शब्द मोजून पैसे घेतले जायचे. मराठी मजकूरही रोमन लिपीत जायचा, कारण मोर्सची अक्षरं तीच होती. देवनागरी तारा स्वातंत्र्यानंतर आल्या. शुभेच्छांच्या तारांसाठी खात्यानं ठरावीक वाक्यांना नंबर दिले होते. लग्नाला आठ नंबरची तार केली की लाईनवर फक्त आकडा जायचा आणि पलीकडचा माणूस सुखी वैवाहिक जीवनाच्या शुभेच्छांचं अख्खं वाक्य फॉर्मवर चढवायचा.

पुण्याच्या तारेचं खास रूप दिसतं ते १९२८ नंतर. हवामान खात्याचं मुख्यालय त्या वर्षी शिमल्याहून पुण्याला हलवण्यात आलं. शिवाजीनगरचा शिमला ऑफिस चौक हे नाव तिथूनच आलं. रोज त्या चौकातून जाणाऱ्या हजारो लोकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की ही इमारत काही काळ देशातल्या तारांच्या मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक होती. ठिकठिकाणच्या वेधशाळांमध्ये सकाळी ठरल्या वेळी हवेचा दाब, तापमान, वारा, ढग आणि पाऊस यांची नोंद व्हायची. ती आकड्यांच्या गटांत बसवून तारेनं पुण्याला धाडली जायची. पाच-पाच आकड्यांचा एकेक गट, आणि प्रत्येक आकड्याची जागा ठरलेली. शब्दांत लिहायला अर्धं पान लागलं असतं ते चार-पाच गटांत मावायचं. मात्र एखादा आकडा इकडचा तिकडे झाला तर नकाशावर वादळ चुकीच्या जागी यायचं, म्हणून या तारांना घाईबरोबर बिनचूकपणाही लागायचा. तारा वेळेत आल्या तर नकाशा वेळेत, आणि नकाशा वेळेत तर बंदरांना इशारा वेळेत. १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेलं, तरी हवामानाचं बरंच काम पुण्यात राहिलं.

त्याच सुमारास पुणे जिल्हा परदेशी बिनतारी संदेशांचंही केंद्र बनला. १९२७ मध्ये इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनीनं इंग्लंडशी बीम वायरलेस सेवा सुरू केली. तिचं प्रक्षेपण केंद्र खडकी-दिघीच्या बाजूला आणि ग्रहण केंद्र दौंडला होतं. दोन केंद्रं मुद्दाम दूर ठेवली, कारण आपल्याच प्रक्षेपकाच्या गोंगाटात सातासमुद्रापलीकडून येणारा क्षीण संदेश बुडून गेला असता. लघुलहरी सगळीकडे न पसरवता उंच मनोऱ्यांवरच्या तारांच्या जाळ्यानं एकाच दिशेला रोखायच्या, ही बीमची युक्ती. त्यामुळे कमी वीज लागायची आणि समुद्राखालच्या केबलपेक्षा संदेश स्वस्त पडायचा. त्याचा केबल कंपन्यांना इतका फटका बसला की ब्रिटिश साम्राज्यातल्या केबल आणि बिनतारी कंपन्या एकत्र कराव्या लागल्या. १९३३ मध्ये याच यंत्रणेवरून इंग्लंडशी रेडिओ-टेलिफोन सुरू झाला. १ जानेवारी १९४७ ला हा सगळा पसारा सरकारनं ताब्यात घेतला आणि ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस अस्तित्वात आली. पुढे १९७१ मध्ये याच सेवेचं उपग्रह भू-केंद्र जुन्नर तालुक्यात आर्वीला उभं राहिलं, त्याला विक्रम साराभाईंचं नाव आहे. खडकी, दौंड, आर्वी ही नावं एका ओळीत ठेवली तर देशाच्या परदेशी संपर्काचा चव्वेचाळीस वर्षांचा प्रवास एकाच जिल्ह्यात दिसतो. पुण्याच्या इतिहासाच्या गप्पांत याचा उल्लेख इतका क्वचित होतो, याची मला खंत वाटते.

या तारांवरून काय काय गेलं असेल याचा एकच दाखला पुरे. २४ सप्टेंबर १९३२ ला येरवडा तुरुंगात पुणे करारावर सह्या झाल्या. गांधीजींचं उपोषण चालू होतं आणि ब्रिटिश पंतप्रधानांनी मान्यता दिल्याशिवाय ते सुटणार नव्हतं. कराराचा मजकूर तारेनं लंडनला गेला आणि दोनच दिवसांनी, २६ तारखेला, मान्यता येऊन उपोषण सुटलं. बोटीच्या टपालावर अवलंबून राहावं लागलं असतं तर काय झालं असतं, हे सांगायला नको.

आता टेलिफोन. मुंबई, कलकत्ता आणि मद्रासमध्ये १८८२ च्या जानेवारीत एक्स्चेंज सुरू झाली ती खाजगी कंपन्यांची. मुंबईचा टेलिफोन १९४३ पर्यंत कंपनीच्याच हाती होता. पुण्याचं जाळं सरकारी खात्यानं चालवलं. हा फरक पुढेही टिकला. १९८६ मध्ये मुंबई-दिल्लीसाठी महानगर टेलिफोन निगम निघालं तेव्हा पुणे दूरसंचार खात्याकडेच राहिलं आणि २००० मध्ये बीएसएनएलकडे आलं.

सुरुवातीची एक्स्चेंजेस हातानं चालायची. ग्राहकानं आपल्या फोनचा दांडा फिरवला की बोर्डावर त्याच्या नंबराची झडप पडायची. ऑपरेटर दोरीचं एक टोक त्याच्या भोकात घालून नंबर विचारायची आणि दुसरं टोक हव्या त्या भोकात. पुढे एक्स्चेंजमधल्या एकाच मोठ्या बॅटरीवर सगळे फोन चालू लागले, दांडा गेला, आणि झडपेच्या जागी रिसीव्हर उचलताच लागणारा छोटा दिवा आला. बोर्ड जितका मोठा तितके हात जास्त लागत, म्हणून वाढत्या शहराला ही पद्धत पुरणार नव्हती.

देशातलं पहिलं स्वयंचलित एक्स्चेंज १९१३-१४ च्या सुमारास शिमल्यात लागलं. स्वातंत्र्यानंतर बंगळूरच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजमध्ये स्ट्रोजर, म्हणजे ऑपरेटरशिवाय कॉल जोडणारी यंत्रं बनू लागली आणि देशभरच्या शहरांत तीच बसली. हे यंत्र मला आजही थक्क करतं, कारण त्याचा विचार डोळ्यांनी पाहता येतो. डायलवर ४ फिरवला की लाईन चार वेळा तुटते, सेकंदाला दहा या वेगानं. प्रत्येक तुटीला सिलेक्टरचा, म्हणजे वाट निवडणाऱ्या भागाचा, दांडा एक पायरी वर चढतो. चौथ्या पायरीवर तो थांबतो आणि मग आपणहून आडवा फिरत मोकळी वाट शोधतो. ती सापडली की पुढचा आकडा पुढच्या सिलेक्टरकडे जातो. शेवटचे दोन आकडे फायनल सिलेक्टर घेतो, दशकाला वर आणि एककाला आडवा, आणि नेमक्या ग्राहकाच्या तारेवर जाऊन टेकतो. ही वाट कॉल संपेपर्यंत अडलेली राहते. सकाळी कचेऱ्या उघडल्या की हजारो दांडे एकाच वेळी चढू-उतरू लागायचे आणि हॉलमध्ये बोलणं ऐकू यायचं नाही. धूळ आणि दमट हवा हे या यंत्राचे शत्रू, म्हणून खिडक्या बंद, हवा गाळलेली आणि मेकॅनिकच्या हाती सतत ब्रश.

एक्स्चेंजचं पोट खालच्या मजल्यांवर असायचं. जमिनीखालून येणाऱ्या शिसाच्या आवरणाच्या केबल एमडीएफवर, म्हणजे मुख्य वितरण चौकटीवर, येऊन फुटायच्या. चौकटीच्या एका बाजूला रस्त्यावरून आलेल्या जोड्या, दुसऱ्या बाजूला यंत्राचे नंबर, आणि मधे हातानं ओढलेली जम्परची तार. घर बदललं, नंबर बदलला, बिल थकलं, सगळं त्या जम्परवर निभायचं. वळवाच्या विजांपासून बचावासाठी इथेच फ्यूज आणि संरक्षक असायचे. शेजारच्या खोलीत ५० व्होल्टची बॅटरी. गावाची वीज गेली तरी टेलिफोन चालू राहायचा तो या बॅटरीमुळे. एक्स्चेंजपासून रस्त्यावरची पिलर नावाची पेटी, पिलरपासून डीपी, म्हणजे गल्लीतली वाटप पेटी, आणि डीपीपासून घर, ही लाईनमनची हद्द. केबलमधलं कागदाचं आवरण भिजलं की जोडीच्या जोडी मरायची, म्हणून पावसाळ्यात १९८ वर तक्रारींचा पूर यायचा.

बाहेरगावच्या कॉलसाठी वेगळं ट्रंक एक्स्चेंज होतं. १८० वर बुकिंग करायचं आणि ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग ते सांगायचं. अर्जंटला दुप्पट दर. ठरावीक व्यक्तीशीच बोलायचं असेल तर पीपी कॉल. तार आणि टेलिफोनची गाठ १८५ वर पडायची. फोनवरून मजकूर सांगितला की तो फोनोग्राम म्हणून तार ऑफिसात उतरवला जायचा आणि पैसे बिलात लागायचे. लखनौ-कानपूर मार्गावर १९६० मध्ये देशातला पहिला एसटीडी, म्हणजे ऑपरेटरशिवाय बाहेरगावी थेट डायल करायची सोय, सुरू झाला. पुढे पुण्याला ०२१२ हा कोड मिळाला, आज तो ०२० आहे.

पेठांना, कोथरूडला, सातारा रस्त्याच्या बाजूला टेलिफोन खऱ्या अर्थानं पोचायला मात्र फार वेळ लागला. अडचण यंत्रांची होती आणि जमिनीखालच्या तांब्याचीही. एक्स्चेंजमध्ये नंबर मोकळा असला तरी गल्लीत केबलची जोडी मोकळी नसायची. जास्त अनामत भरणाऱ्यांची ओवायटीची, म्हणजे ‘ओन युअर टेलिफोन’ योजनेची, यादी, डॉक्टर-पत्रकारांची खास यादी आणि बाकी सगळ्यांची सर्वसाधारण यादी. या शेवटच्या यादीत नंबर लागायला माणसं वर्षानुवर्षं थांबली. बाजीराव रस्त्यावरचं टेलिफोन भवन, मॉडेल कॉलनी, सातारा रस्ता, कोथरूड, पिंपरी अशी एक्स्चेंजेस कामाला लागली तशी यादी हळूहळू हलू लागली. खरा बदल झाला तो इलेक्ट्रॉनिक यंत्रांनी. फ्रान्सच्या तंत्राची ई-१० बी एक्स्चेंजेस आणि १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संशोधन संस्थेची देशी एक्स्चेंजेस आली. स्ट्रोजरनं अडवलेल्या जागेच्या छोट्याशा कोपऱ्यात त्याहून जास्त नंबर मावू लागले. नव्वदच्या दशकात पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ गल्लोगल्ली झाले आणि रात्री अकरानंतर चौथाई दरासाठी त्यांच्यापुढे रांगा लागल्या.

तारसेवा जुलै २०१३ मध्ये देशभर बंद झाली. तिच्यासाठी केलेला १८८५ चा इंडियन टेलिग्राफ ॲक्ट मात्र त्यानंतरही लागू राहिला. लँडलाईन, मोबाईल आणि इंटरनेट याच कायद्याखाली चालत होते. त्याची जागा घेणारा दूरसंचार कायदा संसदेनं २०२३ च्या डिसेंबरात मंजूर केला आणि त्याची कलमं २०२४ च्या जूनपासून टप्प्याटप्प्यानं लागू होऊ लागली.