सरासरीला पुरतात, तरी नर्स कमी का पडतात?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात सुमारे २ कोटी ९८ लाख परिचारिका आहेत आणि आणखी ५८ लाख हव्या आहेत. बातमी इथे संपते. पण मुलांच्या रुग्णालयातल्या तुटवड्यामागे एक सुंदर गणित आहे, आणि ते सहसा कुणी सांगत नाही.

एका वॉर्डात दोन वर्षांखालची सरासरी ९ बाळं असतात असं धरू. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगची शिफारस आहे की अशा ३ बाळांमागे किमान १ नर्स हवी. मग प्रत्येक पाळीला ३ नर्स पुरतील? नाही. एकमेकांशी संबंध नसलेल्या घटनांचा आकडा साधारण सरासरीच्या वर्गमुळाइतका वर-खाली होतो. हे पॉयसाँ वितरण. टेलिफोनचे कॉलही असेच येतात, हे डेन्मार्कचा गणितज्ञ एरलांग याने १९०९ मध्ये दाखवलं. ९ चं वर्गमूळ ३. त्याच्या दुप्पट चढ धरला तर १५ बाळांची तयारी लागते, म्हणजे ५ नर्स. सरासरीच्या हिशेबापेक्षा दोन-तृतीयांश जास्त! आता २२५ रुग्णांचा मोठा विभाग घ्या. वर्गमूळ १५, तयारी २५५ ची, नर्स ७५ ऐवजी ८५. वाढ जेमतेम १३ टक्के.

म्हणून विभाग जितका छोटा, तितका चढ-उतार महाग. आणि बालविभाग छोटेच असतात: नवजात, हृदयरोग, कर्करोग, सगळे वेगळे. मोठ्यांच्या वॉर्डातली नर्स तिथे लगेच उभी करता येत नाही. ३ किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असतं जेमतेम पाव लिटर, आणि औषधाचा डोस वजनाप्रमाणे मोजावा लागतो.

‘पौर्णिमेला गर्दी होते’ असं रुग्णालयांतही ऐकू येतं. चंद्राचा इथे काही संबंध नाही; निव्वळ योगायोगानेही रुग्ण झुंडीने येतात.

शिवाय एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायची तर आठवड्याचे १६८ तास होतात. ४० तासांच्या ड्युटीने ४.२ माणसं, रजा आणि आजारपण वेगळं. वरच्या वॉर्डातल्या २ वाढीव जागा म्हणजे किमान ९ नेमणुका.

दोन-तीन बालविभागांचं काम शिकलेलं फिरतं पथक ठेवलं की छोटे विभाग गणिताने एक होतात आणि हा खर्च उतरतो. थंडीत मात्र हे सूत्रही अपुरं पडतं. आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूची साथ आली की बाळं एकमेकांमुळे आजारी पडतात, सगळे विभाग एकाच आठवड्यात भरतात, आणि पथकाला उसनं घ्यायला कुठेच कुणी उरत नाही. त्या महिन्यांसाठी जागा आधीच वाढवाव्या लागतात.