सुधारगृहातली शिस्त : नियम कोणासाठी लिहिले गेले?

"रिमांड होममध्ये टाकून येईन हं!" ही धमकी महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांनी तरी ऐकली आहे. कायद्यातून तो शब्द केव्हाच गेला. आता निरीक्षणगृह आणि विशेष गृह म्हणतात, आणि मुलाला 'बालगुन्हेगार' न म्हणता 'विधिसंघर्षग्रस्त बालक'. धमकी मात्र टिकून आहे. भिंतीआड मुलांना मारून वळण लावतात ही समजूत त्या धमकीच्या मुळाशी आहे आणि ती हवेतून आलेली नाही. एके काळी कायद्यातच तसं लिहिलेलं होतं.

सुरुवात मात्र छडीने झाली नव्हती. १८५० च्या अप्रेंटिस कायद्याने अनाथ, गरीब आणि किरकोळ गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना कारागिराच्या हाताखाली बांधून देण्याची सोय केली. दहा ते अठरा वर्षांची ही मुलं सुतारकी, लोहारकी शिकतील आणि पोटाला लागतील, असा हिशेब होता. मुंबईत १८५७ पासून डेव्हिड ससून यांच्या नावाने चाललेली औद्योगिक सुधारशाळा याच विचारातली. पण चौदा वर्षांतच, १८६४ मध्ये, फटक्यांचा कायदा आला. अल्पवयीन आरोपीला हलक्या वेताने, 'शाळेत शिस्त लावतात त्या पद्धतीने' मारावं, असं त्यात म्हटलं होतं. हे शब्द मला फार बोलके वाटतात. कोर्टाने मुलाला किती आणि कसं मारायचं याचं माप सरकारने शाळेतून उचललं. वर्गात छडी चालतच होती, ती कोर्टात आली एवढंच. पुढे फौजदारी संहितेत मर्यादाही घातली गेली : मोठ्याला जास्तीत जास्त ३० फटके, सोळा वर्षांखालच्याला १५. ही शिक्षा कायद्याने बंद व्हायला १९५५ साल उजाडलं.

सुधारशाळांचा स्वतंत्र कायदा १८७६ चा. त्याची जागा १८९७ च्या कायद्याने घेतली. तो फक्त मुलग्यांपुरता होता, आणि दोषी ठरताना वय पंधराच्या आत असेल तरच लागू होई. शाळा कशी असावी, हे कलम आजही वाचण्यासारखं आहे. रात्री मुलांना वेगवेगळं ठेवण्याची सोय, स्वच्छता, पाणी, अन्न, कपडे, अंथरूण, हातकामाचं शिक्षण आणि आजारी मुलांसाठी खोली. यातलं बहुतेक सगळं चांगलंच आहे. पण मुक्काम किती? कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात. मोठ्या माणसाला काही महिन्यांत सोडलं असतं अशा चोरीसाठी मुलाला किमान तीन वर्षं, कारण ही शिक्षा नसून 'सुधारणा' आहे असं मानलं गेलं. मुलाच्या भल्यासाठी म्हणून केलेल्या गोष्टीला आवर घालायला कोणी धजत नाही. या साऱ्या इतिहासातला मला सर्वांत धोकादायक वाटणारा धागा हाच.

तो किती लांब जाऊ शकतो, हे त्याच वर्षी दिसलं. गुन्हेगार जमाती कायद्यातल्या १८९७ च्या दुरुस्तीने 'गुन्हेगार जमाती' ठरवलेल्या समाजांतली चार ते अठरा वर्षांची मुलं आईबापांपासून तोडून सुधारवस्तीत, म्हणजे 'सेटलमेंट'मध्ये, ठेवता येऊ लागली. या मुलांनी काहीही केलेलं नव्हतं. सोलापुरात 'सेटलमेंट' हा शब्द आजही वस्तीचं नाव म्हणून लोकांच्या तोंडी आहे. ज्यांच्या घरातले वडीलधारे तारेच्या कुंपणाआड हजेरी देत वाढले, त्यांना 'शिस्त' या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

१९१९-२० च्या तुरुंग समितीने मुलांसाठी वेगळी कोर्टं सुचवली. मद्रासने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये आणि मुंबई इलाख्याने १९२४ मध्ये बाल अधिनियम केला. १९२७ मध्ये चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि मुंबईतल्या गृहांचा कारभार तिच्याकडे आला. त्यातलं डोंगरीचं गृह तर जुन्या तुरुंगाच्याच आवारात. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर १०१ दिवस याच डोंगरीच्या तुरुंगात होते. मुलांसाठी नवा कायदा आला, भिंती मात्र जुन्याच राहिल्या. तुरुंगाच्या इमारतीत सकाळची हजेरी, रांग, घंटा हे सगळं न सांगताही तुरुंगासारखंच होत जातं.

पुढची मोठी हालचाल झाली ती एका पत्रामुळे. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या निरीक्षणगृहांतल्या मुलांबद्दल उच्च न्यायालयाला पत्र लिहिलं : मुलं तिथेच अडकून पडतात, त्यांच्याकडून बिनमोबदला काम करून घेतलं जातं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. डिसेंबर १९८६ च्या निकालात न्यायालयाने चिल्ड्रेन्स एड सोसायटीला राज्यसंस्थाच मानलं. म्हणजे तिच्या छताखालच्या मुलाला मूलभूत हक्क मागता येतात. त्याच वर्षी जम्मू-काश्मीर वगळता देशभरासाठी एकच बाल न्याय कायदाही झाला.

१९९० मध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्वातंत्र्य हिरावलेल्या मुलांसाठी नियम ठरवले. मारहाण, अंधारकोठडी, एकांतवास, जेवण तोडणं, घरच्यांची भेट बंद करणं, एकाच्या चुकीसाठी सगळ्यांना शिक्षा, हे सगळं त्यात निषिद्ध आहे. एक नियम खास लक्ष द्यावा असा आहे : इतर मुलांना शिस्त लावण्याचं काम कुठल्याही मुलाकडे देऊ नये. ज्याने वसतिगृहात दादागिरी करणाऱ्या 'मॉनिटर'च्या हाताखाली दिवस काढलेत, त्याला या एका ओळीची किंमत कळेल.

आपल्याकडे २००० चा आणि मग २०१५ चा कायदा आला. दिल्लीच्या २०१२ च्या घटनेनंतर चर्चा झाली ती मुख्यतः सोळा ते अठरा वयाच्या मुलांवर मोठ्यांसारखा खटला चालवावा का, याची. त्या गदारोळात २०१५ च्या कायद्यातल्या कलम ८२ कडे फार कोणाचं लक्ष गेलं नाही. शिस्तीसाठी मुलाला मारणाऱ्या संस्थेतल्या कर्मचाऱ्याला पहिल्यांदा १०,००० रुपये दंड, पुन्हा केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. १८६४ मध्ये वेताचं माप कायदा ठरवत होता. आता वेत उचलणाराच आरोपी आहे. दीडशे वर्षांत एवढं अंतर कापलं गेलं, आणि मला ते लहान वाटत नाही.

पण मार बसला हे सांगणार कोण? मूल जिथे झोपतं तिथेच ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची तो माणूसही असतो. २००७ च्या आदर्श नियमांनी याचा विचार अगदी बारकाईने केला होता. प्रत्येक गृहात मुलांची समिती असावी. सूचनापेटी कार्यालयापासून लांब आणि मुलांच्या खोल्यांजवळ लावावी. ती दर आठवड्याला समितीतल्या मुलांसमोर उघडावी. चावी ठेवायची ती व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे.