झेवियरांच्या शेजारचा शेतकरी

दर ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या फेस्ताला लोटणाऱ्या गर्दीत फार थोड्यांना ठाऊक असेल की, झेवियर एकटे संत झाले नाहीत. १२ मार्च १६२२ रोजी रोममध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी त्यांच्यासोबत आणखी चौघांना संत म्हणून घोषित केले. येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला, कार्मेल मठांच्या सुधारक आविलाच्या तेरेसा, रोमचे लाडके धर्मगुरू फिलिप नेरी, आणि माद्रिदचे इसिदोर. हे इसिदोर शेतमजूर होते.

बाराव्या शतकात माद्रिदजवळ हुआन दे वार्गास नावाच्या जमीनदाराच्या शेतावर त्यांनी जन्मभर नांगर धरला. रोज पहाटे मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाऊन मग कामाला येतात, उशीर करतात, अशी सोबत्यांनी मालकाकडे चुगली केली. मालक पाहायला गेला तर इसिदोर प्रार्थनेत आणि नांगर देवदूत चालवताहेत, अशी दंतकथा आहे. मराठी माणसाला इथे सावता माळ्याचा मळा आठवल्यावाचून राहत नाही. इसिदोर यांनी ग्रंथ लिहिला नाही, संघ स्थापला नाही, माद्रिदचा परिसर सोडून ते फारसे कुठे गेलेही नाहीत. त्यांची पत्नी मारिया यांनाही पुढे १६९७ मध्ये धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या एक पायरी अलीकडच्या, म्हणून मान्यता मिळाली.

पण संतांच्या यादीत असे संसारी इसिदोर अपवाद होते. असा माणूस अपवाद का ठरावा, हे समजायला बरेच मागे जावे लागते.

मुळात ‘संत’ हा शब्द सगळ्यांचाच होता. बायबलमधला प्रेषित पौल आपल्या पत्रांत फिलिप्पैच्या, रोमच्या ख्रिस्ती लोकांना सरळ ‘पवित्र जन’ म्हणतो. त्यांत व्यापारी होते, गुलाम होते, मुलाबाळांच्या आया होत्या. बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण पवित्रतेसाठी बोलावलेला, एवढाच त्याचा अर्थ. मग छळाचा काळ आला आणि रक्तसाक्ष्यांची, म्हणजे श्रद्धेसाठी जीव दिलेल्यांची, आठवण जपली जाऊ लागली. दुसऱ्या शतकात स्मुर्ण्याच्या बिशप पॉलिकार्प यांच्या अस्थी गोळा करून त्यांच्या मृत्यूचा दिवस दरवर्षी साजरा करायचे तिथल्या लोकांनी ठरवले. ही वाट पुढेही मोठीच राहिली. आपल्या वसईचे गोन्सालो गार्सिया आधी व्यापारी होते, नंतर फ्रान्सिस्कन धर्मबंधू झाले. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले ते १५९७ साली नागासाकीला क्रुसावर पत्करलेल्या मरणामुळे.

३१३ मध्ये रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली आणि रक्तसाक्ष देण्याचे प्रसंग कमी झाले. जे सर्वस्व द्यायला निघाले होते ते आता वाळवंटात गेले. इजिप्तच्या अँथनींमागे शेकडो जण गेले, पुढे मठ उभे राहिले. मठांनी ख्रिस्तसभेला, म्हणजे चर्चला, जे दिले त्याचे ऋण फिटणार नाही. पण त्याच शतकांत एक समजूत घट्ट बसली: पवित्र व्हायचे तर संसार सोडायचा, आणि संसारात राहिलेल्यांनी आज्ञा पाळून आत्मा वाचवला तरी पुष्कळ झाले. संत ठरवण्याचे काम आधी स्थानिक लोक आणि बिशप करत. ९९३ मध्ये आउग्सबुर्गचे बिशप उलरिक यांना पोपने संत घोषित केले, आणि १२३४ पासून तो अधिकार फक्त पोपकडे राहिला. संसारी माणसांसाठी अधूनमधून एखादी खिडकी उघडे. क्रेमोनाचे कापडव्यापारी होमोबोनुस ११९७ मध्ये मिस्सा चालू असतानाच वारले, आणि चौदा महिन्यांत पोप तिसरे इनोसंट यांनी त्यांना संत म्हटले. मग खिडकी पुन्हा बंद होई.

ती कायमची उघडायला सर्वांत जास्त झटले ते माझ्या मते फ्रान्सिस दे साल्स. ते जिनिव्हाचे बिशप. शहर प्रोटेस्टंट सुधारक कॅल्व्हिनच्या अनुयायांच्या हाती असल्याने राहायचे अनेसीला. त्यांच्याकडे आध्यात्मिक मार्गदर्शनाला येणाऱ्यांत मादाम द शार्मुआझी नावाची एक विवाहित बाई होती. तिला लिहिलेल्या सूचनांतून १६०९ मध्ये एक पुस्तक झाले, भक्तिमय जीवनाची ओळख करून देणारे. त्यात ते वाचकाला ‘फिलोथेआ’, म्हणजे देवावर प्रेम करणारी, अशी हाक मारतात. मांडणी अगदी व्यवहारी. बिशपने एकांतवासी साधूसारखे राहायचे ठरवले, संसारी माणसाने साधूसारखी फुटकी कवडी जवळ ठेवायची नाही असे ठरवले, कारागीर दिवसभर देवळात बसून राहिला, तर त्या भक्तीला काय म्हणावे? झाडे आपापल्या जातीचे फळ देतात, तशी भक्तीही प्रत्येकाच्या कामाला, ताकदीला आणि जबाबदारीला शोभेल अशी हवी. आणि जी भक्ती माणसाच्या रास्त कामाच्या आड येते ती खोटी, असे ते बजावतात. इतके स्पष्ट बोलणारा बिशप मला आजही धीर देतो. १८३८ मध्ये अनेसीलाच त्यांच्या नावाने एक मिशनरी संघ सुरू झाला, आणि त्या संघाचे धर्मगुरू पुढे नागपूरपर्यंत पोहोचले. नागपूरच्या कॅथेड्रलला आणि एस. एफ. एस. कॉलेजला नाव आहे ते याच फ्रान्सिसचे.

बाळ येशूची तेरेसा तर मठातली. पंधराव्या वर्षी ती फ्रान्समधल्या लिझ्यूच्या कार्मेल मठात गेली आणि १८९७ मध्ये चोविसाव्या वर्षी क्षयाने वारली. तरी संसारी लोकांना तीच जवळची वाटते, कारण तिने लिहिलेले प्रसंग कोणत्याही घरात घडतात. मठात कपडे धुताना समोरची भगिनी सारखी घाण पाणी उडवायची. तेरेसाला मागे सरून तोंड पुसायचे होते. ती तशीच उभी राहिली. प्रार्थनेच्या वेळी मागे बसणारी एक भगिनी सतत कसलासा आवाज करायची. कान बंद करता येईनात, तेव्हा तिने तो आवाजच लक्ष देऊन ऐकला आणि संगीत म्हणून येशूला वाहिला. जिच्याशी मुळीच जमत नव्हते तिच्याकडे ती इतक्या प्रेमाने हसायची की, माझ्यात तुम्हाला एवढे काय आवडते, असे त्या भगिनीनेच एकदा विचारले. ही तिची ‘छोटी वाट’. १९२५ मध्ये ती संत झाली. १९२७ मध्ये पोप अकरावे पायस यांनी मठाबाहेर कधी सेवाकार्याला न गेलेल्या या मुलीला साऱ्या मिशनकार्याची आश्रयदाती केले, आणि तेही झेवियर यांच्या बरोबरीने. तीनशे वर्षांत झेवियरांच्या शेजारी दुसऱ्यांदा असे कोणी येऊन बसले.

शिकवण म्हणून यावर शिक्कामोर्तब झाले ते जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत. ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात धर्मबंधू आणि धर्मभगिनींसाठी वेगळे सहावे प्रकरण केले गेले, आणि त्याआधीचे पाचवे सगळ्यांसाठी ठेवले: पवित्रतेचे बोलावणे सर्वांना आहे, दर्जा वा अवस्था कोणतीही असो. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी २१५१ विरुद्ध ५ मतांनी दस्तऐवज मंजूर झाला. त्यानंतर अकराच दिवसांनी, २ डिसेंबरला, पोप सहावे पॉल आंतरराष्ट्रीय युखरिस्त (मिस्सेतला पवित्र प्रसाद) अधिवेशनासाठी मुंबईत उतरले. ज्यांच्यासाठी ते पाचवे प्रकरण लिहिले होते त्यांची अलोट गर्दी त्यांच्या स्वागताला उभी होती.

संतांची यादी मात्र शिकवणीच्या मागून सावकाश चालते आहे. तेरेसाचे आईवडील, घड्याळजी लुई आणि लेस विणवून घेऊन विकणाऱ्या झेली, २०१५ मध्ये संत झाले. रक्तसाक्षी नसलेल्या पतिपत्नींना एकत्र संतपद मिळण्याची ती पहिली वेळ. त्रावणकोरच्या दरबारी नोकरीतले देवसहायम १७५२ मध्ये गोळी घालून मारले गेले आणि २०२२ मध्ये भारतातले पहिले प्रापंचिक संत ठरले. आजही यादीत धर्मगुरू, धर्मबंधू आणि धर्मभगिनीच जास्त दिसतात, त्याचे एक साधे कारण आहे. संतपदाच्या प्रकरणाला साक्षी, कागदपत्रे, पैसा आणि दशके लागतात. एखादा संघ आपल्या संस्थापिकेची फाइल शंभर वर्षे सांभाळू शकतो. चार मुले वाढवून, सासूची सेवा करून, भाजीच्या पाट्या विकून गेलेल्या बाईची फाइल कोण उघडणार? लुई आणि झेली यांचेही प्रकरण पुढे सरकले ते मुलगी जगभर माहीत होती म्हणून.

अशांसाठी ख्रिस्तसभेने १ नोव्हेंबरचा दिवस राखून ठेवला आहे, सर्व संतांचा. त्या दिवशी मिस्सेत बायबलच्या प्रकटीकरण या पुस्तकातला उतारा वाचतात, कोणाला मोजता येणार नाही अशा समुदायाचा. दुसऱ्या दिवशी, मृतांच्या स्मरणदिनी, लोक मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत जातात आणि आपापल्या आजीची कबर शोधतात.