कॅप शाबूत आहे म्हणजे दात शाबूत आहे असे नाही

रूट कॅनालमध्ये संसर्ग झालेली नस काढून मुळांतील पोकळी स्वच्छ करतात आणि भरून बंद करतात, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. मला वारंवार खटकतो तो त्याआधीच्या तपासणीविषयीचा गोंधळ. जुनी कॅप किंवा फिलिंग असलेल्या दाढेला रूट कॅनाल सुचवले की ‘कॅप तर घट्ट आहे, आत काय बिघडणार?’ असा प्रश्न हमखास येतो.

कॅप शाबूत आहे याचा अर्थ ती हलत नाही, तिला तडा नाही आणि तिने चावता येते, एवढाच होतो. दात शाबूत आहे असे म्हणायचे तर कॅपखाली कीड नसावी, चीर नसावी आणि कॅपला पकड मिळेल इतका निरोगी दात हिरडीच्या वर उरलेला असावा. पहिली गोष्ट आरशातही दिसते. दुसरी पुष्कळदा एक्स-रेमध्येही दिसत नाही, कारण धातूची कॅप आणि चांदीचे फिलिंग क्ष-किरण अडवतात व त्यांच्या आडची कीड झाकली जाते. फिलिंग चांदीचे की दाताच्या रंगाचे, हा प्रश्न इथे गौण आहे. कडेने फट पडली आहे का, हा खरा प्रश्न आहे.

फटीला एवढे महत्त्व का, हे १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने दाखवले. उंदरांच्या दाढांतील नस मुद्दाम उघडी केली, तेव्हा नेहमीच्या उंदरांत ती सडली, पण जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांत जिवंत राहिली आणि जखम भरून आली. नस मारतात ते जिवाणू. म्हणून गळक्या कॅपला वरून भोक पाडून आत रूट कॅनाल करणे मला मान्य नाही. ज्या वाटेने जिवाणू आले ती वाट तशीच उघडी राहते.

माझा आग्रह असा की शंका असेल तर जुनी कॅप किंवा फिलिंग आधी पूर्ण काढावे. फिलिंग निघाल्यावर तळाशी कित्येकदा तपकिरी, चामड्यासारखा मऊ थर सापडतो आणि हत्याराने खरवडला की त्याचे पापुद्रे निघतात. निळा रंग लावून धुतला की एरवी न दिसणारी चीर बारीक निळ्या रेघेसारखी उमटते, आणि ती रेघ पोकळीच्या तळावरून आरपार गेली असेल तर दात टिकण्याची आशा फार थोडी असते. कीड काढल्यानंतर नव्या कॅपच्या कडेच्या वर सभोवार साधारण २ मिलिमीटर उंचीची निरोगी भिंत उरते का, हेही तेव्हाच मोजता येते. ती उरत नसेल तर हिरडीची शस्त्रक्रिया करायची, दात तारेने थोडा वर ओढून घ्यायचा की काढून टाकायचा, याचा निर्णय रूट कॅनालच्या आधी व्हायला हवा.

कॅप कापून काढली तर ती वाया जाते आणि नवी करावी लागते, ही तक्रार रास्त आहे. कॅप अलीकडची असेल, कडा चोहोबाजूंनी घट्ट असतील आणि नस कशाने बिघडली हे नक्की माहीत असेल, तर ती ठेवून तिच्यातून काम करायला माझी हरकत नाही. मात्र कललेल्या दातावरची कॅप बाहेरून सरळ दिसते, त्यामुळे मुळांचा कल एक्स-रेवर नीट पाहूनच ड्रिल चालवावे, नाहीतर दाताच्या बाजूलाच भोक पडते.