आत्मछायाचित्रण

आत्मछायाचित्रण म्हणजे फोटोग्राफरने स्वतःचाच फोटो काढणं, पण नुसता चेहरा टिपायला नाही, तर आपण कोण, कुठून आलो, लोक आपल्याला काय समजतात आणि आपण स्वतःला काय समजतो हे शोधायला. सेल्फीपेक्षा हे वेगळं. सेल्फीत आपण कसे दिसतोय ते आधी स्क्रीनवर बघून मगच बटण दाबतो, इथे कित्येक वर्षं टायमर लावून पळत जाऊन उभं राहायचं आणि काय आलंय ते रोल धुतल्यावरच कळायचं. हल्ली घरातले जुने अल्बम, आईवडिलांचे फोटो, आजारी माणसाची खोली हे सगळंही यातच धरतात, आणि ते बरोबरच आहे, कारण स्वतःकडे बघायला निघालेला माणूस घरच्यांना वगळून फार लांब जाऊच शकत नाही.

सुरुवात फोटोग्राफीच्या जन्मापासूनच आहे. १८३९ मध्ये फिलाडेल्फियात रॉबर्ट कॉर्नेलियसने स्वतःचा फोटो काढला, आणि लगेच १८४० मध्ये फ्रान्समध्ये इपोलित बायार्डने चक्क बुडून मेलेल्या माणसाचं सोंग घेतलं, कारण त्यानेही फोटोची स्वतःची पद्धत शोधली होती पण मान मात्र दागेर या दुसऱ्या संशोधकाला मिळाला. म्हणजे खरा चेहरा आणि सोंग, दोन्ही रस्ते पहिल्या दोन वर्षांतच सापडले होते.

या प्रकारात माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं नाव साम्युएल फोसो. जन्म १९६२, कॅमेरून. लहानपणी अंगात अर्धवट लुळेपणा होता, त्यामुळे तिकडे बाळाचा फोटो काढायची जी पद्धत, त्यासाठी वडिलांनी पैसेच घातले नाहीत, म्हणजे तान्हेपणाचा एकही फोटो नाही. पुढे नायजेरियात आजीआजोबांकडे वाढला, तिथलं बियाफ्राचं यादवी युद्ध बघितलं, मग नातेवाइकाकडे मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातल्या बांगीला आला आणि १९७५ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, स्वतःचा स्टुडिओ टाकला. दिवसभर गिऱ्हाइकांचे फोटो काढायचे, आणि संध्याकाळी रोलच्या शेवटी काही फ्रेम उरल्या की त्या वाया कशाला घालवायच्या म्हणून तोच पडदा, तेच लाइट, आणि समोर स्वतः, कधी बेलबॉटम घालून, कधी मोठा गॉगल लावून. ते फोटो नायजेरियातल्या आजीला पाठवायचे, मी बरा आहे हे तिला दिसावं म्हणून. १९९४ मध्ये माली देशातल्या बामाकोच्या पहिल्या फोटो महोत्सवात ते लागले तेव्हा कुठे जगाला त्याचं नाव कळलं. २००८ च्या मालिकेत तो अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या लढ्यातले मार्टिन ल्यूथर किंग, अँजेला डेव्हिस, माल्कम एक्स झाला. आपल्याकडचा बहुरूपी दारात येऊन जे करतो तेच, फक्त इथे त्याने आपल्या पूर्वजांची माळ लावली. २०१४ मध्ये बांगीतल्या दंगलीत त्याचं घर लुटलं, निगेटिव्ह रस्त्यावर विखुरल्या, आणि बातमीसाठी आलेल्या फोटोग्राफरांनी त्या मातीतून गोळा करून वाचवल्या.

भारतात या कामाला आणखी एक कारण आहे. इंग्रजांच्या काळात इथल्या माणसांचे फोटो जातीजमातीच्या खान्यांत घालून छापले गेले, ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड १८६८ ते १८७५ मध्ये निघाले, मुंबईतल्या जातीजमातींचा असा संग्रह विल्यम जॉन्सनने त्याआधीच काढला होता, आणि त्यातल्या माणसांना कुणी काही विचारलेलं नव्हतं. नंतर कलाकार पुष्पमाला एन. यांनी फोटोग्राफर क्लेअर आर्नीबरोबर २००० ते २००४ मध्ये नेमके तसलेच फोटो पुन्हा उभे केले, अंगाचं माप घ्यायला लावायचे तो चौकटींचा पडदा मागे, आणि मोजली जाणारी बाई त्या स्वतः. त्याआधी १९९६ ते ९८ मध्ये त्यांनी मुंबईत मुखवटा घातलेल्या स्टंट नायिकेची मालिका केली होती. अन्नू पलाकुन्नथू मॅथ्यू यांना अमेरिकेत ‘तुम्ही कुठल्या इंडियन’ हे सारखं विचारलं जायचं, म्हणून त्यांनी तिथल्या मूळ रहिवाशांच्या (त्यांनाही तिथे इंडियनच म्हणतात) जुन्या फोटोंशेजारी त्याच पोझमध्ये स्वतःला ठेवलं.

आणि या दोघींच्या कितीतरी आधी उमरावसिंग शेरगिल, चित्रकार अमृता शेरगिलचे वडील, स्वतःचे फोटो काढत बसले होते, टेबलाशी, पुस्तकांत, उघड्या अंगाने, अनेक दशकं. त्यांचे नातू विवान सुंदरम यांनी २००१ च्या सुमारास ते फोटो कॉम्प्युटरवर एकमेकांत मिसळले, त्यामुळे जे आजोबा आणि मावशी एका फोटोत कधी तसे बसलेच नव्हते ते शेजारी आले.

नवे फोटोग्राफर बहुतेकदा अल्बमपासून सुरुवात करतात, आणि जुना अल्बम ज्याने उघडलाय त्याला का ते कळेल: काळी जाड पानं, मध्ये बटर पेपर, फोटोच्या चार टोकांना चिकटवलेले छोटे त्रिकोण, आणि एखाद्या पानावर नुसते चारच त्रिकोण, फोटो नाही. कुणी काढला, का काढला, घरात विचारलं की विषय बदलतो. तिथूनच काम सुरू होतं.

फोटोग्राफर सोहराब हुरा १७ वर्षांचा असताना त्याच्या आईला स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. घर बंद होत गेलं, माणसं येईनाशी झाली. आधी तो कॅमेरा घेऊन बाहेर फिरायचा, मग काही वर्षांनी तोच कॅमेरा घरात आणला, आणि त्या फोटोंत आई आहे, तिची एल्सा नावाची कुत्री आहे, पलंग आहे, खिडकीतून येणारं ऊन आहे. त्यांत तो स्वतः नसला, तरी ते त्याचंच चित्र आहे.