चिलीम, गुडगुडी, पाइप : खानदेशातल्या धुराची पार्श्वभूमी

बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात मोडतं; पण तंबाखू उत्तरेकडे निघाली तेव्हा ते खानदेशाचं मुख्य ठाणं होतं. 1601मध्ये असीरगड पडला आणि अकबराने मुलगा दानियाल याच्याकडे हा मुलूख सोपवला. दानियालचं लग्न विजापूरच्या शाहजादीशी ठरलं. तिला आणायला गेलेल्या अकबराच्या दूताला, असदबेगला, विजापुरात तंबाखू सापडली. 1604-05च्या सुमारास त्याने ती आग्र्याला बादशहापुढे ठेवली, तीही थाटात : रत्नजडित चिलीम, सुमात्रातल्या अचिनहून आलेली तीन हात लांबीची नळी, तोंडाला येमेनी अकीक. अकबराने थोडे झुरके घेतले, हकिमाने हरकत घेतली. जहांगीरने 1617मध्ये बंदी घातली, पण लोकांनी ती फारशी मनावर घेतली नाही.

हुक्का अकबराचा हकीम अबुल फतह गिलानी याने काढला, ही गोष्ट अजूनही सर्रास सांगितली जाते. मात्र हकीम वारला 1589मध्ये, असदबेगने दरबाराला तंबाखू दाखवण्याच्या पंधरा वर्षं आधी. तेव्हा ही गोष्ट जपूनच घ्यावी. त्यापेक्षा एडवर्ड टेरी हा इंग्रज पाद्री जास्त भरवशाचा. 1616 ते 1619 तो हिंदुस्थानात होता. अरुंद मानेचं मातीचं भांडं, त्यात पाणी, वर मोकळी तंबाखू, तिच्यावर निखारा आणि बाजूच्या तोटीत बसवलेली बाणाएवढ्या जाडीची बोरूची नळी, असं त्याने लिहून ठेवलंय. धूर पाण्यावरून जातो आणि पाण्याचा रंग पालटतो, हेही त्याने टिपलं. अशाने धूर गार आणि निरोगी होतो, असं तेव्हाचे लोक मानत. यातलं गार होणं खरं. निरोगी होणं खोटं : पाणी पिवळं पडलं तरी निकोटिन, कार्बन मोनॉक्साइड आणि डांबर यांचा मोठा हिस्सा ओढणाऱ्याच्या छातीत जातोच.

ओढण्याची सगळी कला दोन गोष्टींभोवती फिरते, ओल आणि आच. गुडगुडीत भरतात तो गुडाखू म्हणजे गूळ किंवा काकवी घालून कुटलेली तंबाखू. ती इतकी ओलसर आणि चिकट असते की स्वतःहून पेटत राहत नाही. म्हणून वर तवा ठेवून त्यावर निखारे मांडायचे; तंबाखू जळण्यापेक्षा भाजली जाते. निखारा थेट गुडाखूवर टेकला की गूळ करपतो आणि घसा खवखवतो. चिलमीतली सुकी तंबाखू उलट झटकन पेटते, आणि मधे पाणी नसल्याने धूर तापलेलाच येतो.

चिलीम दिसते साधी, पण भरायला शिकावी लागते. आधी भोकावर खडा बसवायचा. काही जण त्याला चुगल म्हणतात. खडा भोकात घट्ट बसला तर धूरच येत नाही, लहान पडला तर राखेसकट तंबाखू तोंडात. मग तंबाखू तळहातावर चोळून काड्या आणि शिरा निवडायच्या आणि सैलसर भरायची. दाबली की विझते. खालच्या टोकाला छापी, म्हणजे ओलं करून पिळलेलं फडकं. छापी वाळली की धूर पोळतो, फार ओली राहिली की पाणी नळीत उतरून ओढ अडते. ओठ चिलमीला लावत नाहीत; मुठीतून ओढतात, त्यामुळे बाहेरची हवा मिसळून धूर थोडा निवतो. भाजलेली माती सच्छिद्र असल्याने ओल शोषते. म्हणूनच मळलेली चिलीम निखाऱ्यात टाकून जाळून साफ करता येते.

पाइपला हे चालत नाही, तो लाकडाचा. भूमध्य समुद्राकाठच्या एरिका झुडपाच्या मुळाची गाठ, म्हणजे ब्रायर, तिचे पाइप फ्रान्सच्या सां-क्लोद गावात 1850च्या दशकात होऊ लागले. चिलमीला सरावलेला माणूस पाइप हाती घेतो तेव्हा पहिली चूक जोराची : चिलमीसारखा दम लावला की पाइप तापतो, ओल वाफ होऊन वर येते आणि जीभ भाजते. पाइपचा धूर तोंडातच फिरवायचा असतो, छातीत घ्यायचा नसतो. तरी निकोटिन तोंडातूनही अंगात भिनतं, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका राहतोच.

आता पाइपमध्ये भरायच्या तंबाखूच्या पानांकडे. व्हर्जिनिया भट्टीच्या नळीतल्या गरम हवेवर सुकवतात. पान पिवळं होताना त्यातल्या पिष्टाची साखर होते आणि मग उष्णतेने ती तशीच राखली जाते. चव गोडसर, पण घाईने ओढली तर हीच जिभेला सगळ्यांत जास्त चावते. बर्ली सावलीत हवेवर सुकते, साखर जवळजवळ संपते, म्हणून ती सुगंधी पाक चांगला पिते. लटाकिया सायप्रस-सीरियाकडची, लाकूड आणि झुडपांच्या धुरात मुरवलेली. नवख्याला सोपी, पण घरभर वास. लुइझियानाची पेरीक पिंपात दाबून वर्षभर आंबवतात, मिश्रणात शेकडा पाच-दहा पुरे. कॅव्हेंडिश म्हणजे निराळं पान नव्हे, वाफ आणि दाब देऊन, बहुधा गोडवा घालून केलेली पद्धत. गुडाखूचीच नातेवाईक म्हणा, आणि खोडही तेच : ओल. बाजारातल्या सुगंधी तंबाखूत बरेचदा प्रोपिलीन ग्लायकॉल असतं, त्यामुळे ती कितीही वाळवली तरी बोटाला ओलीच लागते. तिथे हाताच्या अंदाजावर विसंबू नये.

बाकीच्यांना हाताची परीक्षा चालते. चिमूट दाबून सोडली की हळूहळू सुटली पाहिजे. गोळा राहिला तर ओली, चुरा झाला तर गेली. बारीक फितीची तंबाखू वीसेक मिनिटं कागदावर पसरली की होते. वडीसारखी दाबलेली मोडून पसरावी, अर्धा तास तरी द्यावा. हे वेळापत्रक पुस्तकी. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45च्या आसपास असतो, तेव्हा पंख्याखाली पाच मिनिटांत भुगा होतो. डबी उघडली की थेट भरावी.

पाइप भरताना तीन वेळा : पहिली चिमूट नुसती सोडायची, दुसरी अलगद दाबायची, तिसरी जराशी घट्ट. न पेटवता ओढून पाहावं, नळीने शहाळ्याचं पाणी ओढताना लागेल तेवढाच विरोध जाणवायला हवा. पहिल्या काडीने सगळा पृष्ठभाग काळा करायचा, तंबाखू फुगून वर येते, ती हलकेच दाबायची आणि दुसरी काडी लावायची. वाटी, म्हणजे पाइपचा तंबाखू भरायचा भाग, गालाला टेकवता येईना इतकी तापली, तर पाइप खाली ठेवायचा; विझला तरी बिघडत नाही. संपल्यावर गरम असताना नळी ओढून काढू नये, सांधा सैल होतो. निवल्यावर तारेचा काकडा घालून ओल टिपावी आणि तो पाइप निदान एक दिवस बाजूला ठेवावा. आतली काजळी नाण्याच्या जाडीपेक्षा वाढू दिली तर तापून वाटीला तडा जातो.

पावसाळ्यात गोष्ट उलटी. सादळू नये म्हणून काचेची घट्ट झाकणाची बरणी बरी. ती बंद करण्याआधी तंबाखू हाताला जेमतेम मऊ लागेल इतकीच असावी. बरणीत कापसासारखे तंतू दिसले किंवा कुबट वास आला, की वरचा थर काढून उरलेली वाचवत बसू नये. सगळी फेकावी आणि बरणी उकळत्या पाण्याने धुवावी.